वाचलेल्या गाडीचा हिशेब

सन्माननीय अध्यक्ष कर्नल ट्रेहर्न, व्यासपीठावरचे रसदखात्याचे अधिकारी, अमेरिकी सरकारचे आपल्या डेपोतले प्रतिनिधी आणि आजचे सत्कारमूर्ती मिस्टर लिंडक्विस्ट, वर्कशॉपमधले सहकारी, आणि रेशनची साखर राखून आजचा केक करणाऱ्या मिसेस गेज,

मला बोलायला उभं केलंय ते मी चांगला बोलतो म्हणून नव्हे. युद्ध संपल्यापासून मिस्टर लिंडक्विस्ट यांच्या समोरच्या खुर्चीत मी बसत आलो. ते त्यांच्या सरकारच्या वतीनं, मी आपल्या.

मित्रराष्ट्रांनी एकमेकांच्या लष्करी गाड्यांचे पैसे फेडायचे तरी कसे? सुरुवातीला आपण रोख मोजले. रोकड आटली, तेव्हा अमेरिकेनं गाड्या उसन्या दिल्या. आपण त्यांच्या सैन्याला बराकी, दुरुस्ती, बटाटे दिले, तेही उसनेच. अट सरळ होती. लढाईत जी गाडी खपली तिचं देणं माफ. जी वाचली, ती परत करायची किंवा तिचा हिशेब द्यायचा.

हे ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आम्ही भर चिखलात भांडायचो.

"थोरल्ड, इंजिन आमचं आहे."

"मागचा सांगाडा आमच्या सुतारांनी केलाय."

"मग काय, करवत मागवू?"

शेवटी मिसेस गेज यायच्या. "आधी चहा घ्या दोघं. कप तरी आमचेच आहेत ना, की त्यांचाही वाद आहे?"

असो. गेल्या शरदातली एक गोष्ट सांगतो. अध्यक्षमहाराजांनी ती कानाआड करावी, ही विनंती.

नॉर्मंडीहून परतलेल्या गाड्यांच्या रांगेत एक अँब्युलन्स होती. चालकाच्या बाजूला तिला निळं दार बसवलेलं होतं. कुठल्याशा फ्रेंच पाववाल्याच्या गाडीचं. माझा मुलगा डेस्मंड अँब्युलन्स चालवायचा. 'पाववाल्याचं निळं दार बसवल्यापासून माझ्या गाडीला पावाचा वास येतो, जखमी लोक न्याहारी मागतात,' असं त्यानं आईला कळवलं होतं. पुढे नॉर्मंडीतल्याच कॉं शहराजवळ तोफगोळ्याचा तुकडा लागून तो गेला. गाडीही गेली असणार, असं आम्ही धरून चाललो होतो. विनिफ्रेड, माझी पत्नी, त्याच हिवाळ्यात वारली. ती तेच धरून गेली.

मिस्टर लिंडक्विस्ट यांनी टायरवर बूट मारला. "उत्तम आहे! नशीबवान गाडी दिसते." मी 'होय' म्हणालो आणि 'वाचलेली' असा शेरा लिहिला.

ती माझ्या मुलाची गाडी, हे त्यांना कोणी सांगितलं, ते मिसेस गेज यांच्या चेहऱ्यावरून आत्ताही कळतंय. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले, टोपी हातात.

"मला का नाही सांगितलंत?"

"त्यात कामाचं काही नव्हतं."

"ऐका. मी ती लढाईत खपली म्हणून लिहितो. माझी सही पुरते. मग ती कुणाच्याच हिशेबात नाही. तुम्ही घरी न्या."

खोटं लिहायला तयार झालेला हा माणूस हिशेबात किती काटेकोर, ते या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत आहे. मला मोह झाला नाही, असं म्हणणार नाही. रिकाम्या घरात निदान ती गाडी तरी अंगणात उभी राहिली असती.

मी म्हणालो, "नको. गेला म्हणून एकदा घरी लिहून आलंय, तेवढं पुरे. जे वाचलंय ते वाचलंय असंच राहू द्या."

"निदान दार?"

"दार काढलं तर तुम्ही गाडीची किंमत कमी धराल."

ते हसले नाहीत. गाडीत चढले आणि शेजारच्या जागेवर बसले. चालकाची जागा मला ठेवली. तिथंच आम्ही डबा खाल्ला. "कसा होता हो तुमचा पोरगा?" त्यांनी विचारलं. तोवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. लोक हळहळायचे आणि विषय बदलायचे.

त्यानंतर ते बहुतेक रविवारी माझ्याकडे येऊ लागले. डेस्मंडच्या खोड्या त्यांना आता माझ्यापेक्षा नीट सांगता येतात.

पुढे दोन्ही सरकारांनी सगळ्याची मिळून एकच ठोक रक्कम ठरवली. एकेका गाडीची किंमत ठरवायची गरज उरली नाही. ती अँब्युलन्स लिलावात कुणा कोळसेवाल्यानं नेली. चांगली चालली होती. मी फाटकापर्यंत गेलो होतो.

मिस्टर लिंडक्विस्ट, आता आपण मायदेशी निघालात. तिकडे मिनेसोटात आपली माणसं आहेत, भरलेलं टेबल आहे. तिथं जेवताना कधीतरी माझ्या मुलाचं नाव घ्या. मोठ्यानं घ्या. आता इथं ते घेणारा मी एकटाच, आणि एकट्या माणसानं घरात कुणाला हाक मारायची?

अध्यक्षांनी वेळ दिला, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. घरचं बोलणं सभेत आणलं. बोलायची सवय मोडली आहे. काही अधिक-उणं बोललं गेलं असेल तर पोटात घालावं.