पुतळाबाई मारते म्हणे

…आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्ही समोरच राहता, तुम्हाला कधी आवाज आला नाही का हो?’ अहो, आवाज यायला आधी मारायला तर पाहिजे ना कोणी! ती पुतळाबाई, साठीची बाई, उलव्यात आमच्याच सोसायटीत, सातव्या मजल्यावर, तिनं नवऱ्यावर जन्मात हात उचललेला नाही, आणि अख्खी बिल्डिंग म्हणते मारते. का? तर नवऱ्याच्या अंगावर निळे डाग. आणि ज्याच्या अंगावर डाग तो गोटीराम, ज्याला एका वाक्यात सगळं मिटवता आलं असतं, तो काही बोलला का? नाही बोलला.

तुम्हाला सांगतो, सुरुवात झाली त्याच्या पुतण्याच्या हळदीत. आगऱ्यांची हळद, डीजे चालू, गोटीराम पासष्टीचा पण नाचायला पुढे, आणि नाचता नाचता मटकन खाली बसला. छातीत म्हणे पिशवीतली कोंबडी फडफडतेय. वाशीला नेला. डॉक्टर एकदम शांत आवाजात, ‘काका, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचा ठेका चुकतोय. वरचा कप्पा नुसता थरथरतो, रक्त तिथेच साचतं, गुठळी होते, आणि गुठळी मेंदूत गेली की लकवा. म्हणून ही रक्त पातळ करायची गोळी, सकाळी एक, रात्री एक, जन्मभर. स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. जरा कुठे आपटलं तरी निळं पडेल, घाबरू नका. दारू बंद, खारं बंद.’

झालं. पुतळाबाईनं घरी येऊन बाटली बेसिनमध्ये ओतली, सुक्या म्हावऱ्याचा डबा बहिणीकडे पाठवला, आणि दोन्ही वेळा हातात पाणी घेऊन उभी, ‘आ करा.’ गोटीरामला गोळीचं दुःख नव्हतं हो, बोंबलाचं होतं. चाळीस वर्षं संसार केला, पण एवढा राग त्याला बायकोचा कधी आला नव्हता.

आणि निळं पडायला काय लागतं? टीपॉयचा कोपरा लागला, निळं. भाजीची पिशवी मनगटाला अडकवली, निळं. एक दिवस गेटबाहेर डंपर मागे येत होता, हा फोनवर बोलत उभा, पुतळाबाईनं दंड धरून खसकन ओढला. जीव वाचला, पण दंडावर पाच बोटं उमटली, जांभळी. आणि लिफ्टमध्ये कोण? नमिता. सातशे दोनवाली, ऐरोलीला एचआरमध्ये आहे, माणसाचं दुःख ओळखायचं ट्रेनिंग घेतलेली बाई! ‘काका, हे काय झालं? घाबरू नका, मुलीसारखी आहे मी… काकू मारतात का?’ अरे, सांग ना बाबा, गोळीमुळे आहे म्हणून! पण तिच्या हातात डबा होता, आणि डब्यातून सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास येत होता, आणि ती म्हणाली, ‘तुम्हीच घ्या हो हे, दोन घास सुखाचे खा.’ गोटीरामनं डब्याकडे पाहिलं, लांब सुस्कारा सोडला. आणि काही बोलला का? नाही बोलला.

मग काय, मजा. पाचव्या मजल्यावरच्या खैरुन्निसाबाईंकडून बिर्याणी. बाकावरचे म्हातारे म्हणायचे, ‘गोटीराम, घरी काय सुख आहे तुला, चल गच्चीवर, एक छोटा घे.’ हा घ्यायचा. छाती फडफडायची, हा हात ठेवून डोळे मिटायचा, आणि लोक म्हणायचे, किती सोसतो बिचारा. तुम्ही म्हणाल, तुम्ही का नाही बोललात? अहो, नवराबायकोच्या मध्ये मी कशाला पडू? आणि ती बिर्याणी आम्हा दोघांना पुरायची.

तिकडे पुतळाबाईला बायकांच्या ग्रुपमधून काढलं. हळदीकुंकवाला नमिता तिच्या दारावरून पुढच्या दारात गेली. तेही तिनं गिळलं. पण ती धवलारीण आहे हो! लग्नात धवले गाणारी, तिनं गायल्याशिवाय गावात कोणाच्या पोरीला हळद लागत नाही, एवढा मान. तर बातमी गावापर्यंत पोचली आणि फोन आला, बायजाबाईच्या नातीच्या लग्नाला तुम्ही नका येऊ. ‘नवऱ्याला मारनारी बाय, तिच्या त्वांडचे धवले नको पोरीला.’ फोन ठेवला आणि ती बसली जमिनीवर. रडली नाही. एवढंच म्हणाली, ‘सोसायटीची मीटिंग हाय ना म्हैन्याच्या शेवटी? उभं राहा आनि सांगा सगल्यांना, गोलीमुलं निलं पडतं. माजं त्वांड गेलं ओ तुमच्यामुलं.’

गोटीरामनं तिला हात देऊन उठवलं, खोटं नाही सांगत. तो म्हणाला, ‘सांगतो.’ पण रात्रभर हिशोब चालू. उठून सांगायचं म्हणजे तीन महिने चटणी फुकट खाल्ली हेही सांगायचं! लोक तोंडावर थुंकतील. मग अक्कल सुचली, आणि अक्कल सुचली की माणूस मेलाच समजा. गोळीमुळे डाग ना? मग गोळीच नको! दोन आठवड्यांत अंग स्वच्छ, विषय आपोआप संपला, बोलायची गरजच नाही. दोन्ही वेळा गोळी गालात धरायची, पाणी प्यायचं, ‘आ’ करून दाखवायचं, आणि बाथरूममध्ये जाऊन थुंकायची. आणि काही दुखत नाही हो! तीच तर या रोगाची हरामखोरी, गुठळी होताना दाराची बेल वाजवत नाही.

दोन आठवड्यांत दंड गोरा. हा मुद्दाम बनियनवर खाली फिरला. नमितानं पाहिलं, म्हणाली, ‘बघा! आम्ही बहिष्कार टाकला म्हणून सुधारल्या काकू. म्हणजे मारत होत्याच!’ आता बोला. डाग होते तेव्हा मारत होती, डाग गेले तर मारत होती हे सिद्ध झालं. त्या क्षणी गोटीरामला कळलं, आता तोंड उघडल्याशिवाय सुटका नाही.

रविवार. क्लबहाऊस भरलेलं. पार्किंगवरून भांडणं झाली, गळतीवरून झाली, आणि गोटीराम उठला. मागच्या खुर्चीवर पुतळाबाई, नवं लुगडं नेसून आलेली. यानं माइक घेतला, खरंच घेतला. ‘माझी बायको…’ म्हणाला. आणि थांबला. ओठ हलतायत, शब्द नाही. माइक हातातून सुटला. नमिता उभीच राहिली, ‘बघितलंत? बायको समोर बसली तर बोबडी वळली माणसाची! काकू, तुम्ही बाहेर जा आधी.’ सेक्रेटरी म्हणाला, ‘हो, बाहेर जा.’ दहा मिनिटं, दहा मिनिटं तिला दाराशी धरून शहाणपण शिकवलं, आणि ती ओरडतेय, ‘त्यांचं त्वांड बघा, त्वांड वाकडं झालंय!’ गुठळी मेंदूत पोचली होती. रिक्षात तिनेच घातला.

उजवी बाजू गेली. वाचाही गेली. आता गोळी पुन्हा चालू, पुतळाबाई कुटून मधात देते, गिळेपर्यंत गळ्यावर बोट ठेवून बसते. दर दोन तासांनी उचलायचा, फिरवायचा, नाहीतर पाठ सडते. उचललं की निळं. परवा नमिता आली दोन बायका घेऊन, फळं घेऊन. चादर सरकली, पाठीवर, काखेत, मांडीवर सगळीकडे डाग. बायका एकमेकींकडे बघतायत. गोटीरामनं डोळे मोठे केले, डावा हात आपटला, घशातून घर्र घर्र काढलं, तीन महिन्यांचं सगळं एकदम सांगायला निघाला होता बिचारा. नमिता त्याच्या कानाशी वाकून म्हणते, ‘काका, आम्हाला सगळं कळलंय.’

पुतळाबाई उशी सारखी करत म्हणाली, ‘व्हय ग बाय, मीच मारते. आता आलीच हायस तर त्यो पाय धर जरा, कूस बदलायची हाय. जपून धर. निलं पडलं तर तेवडंबी माज्याच नावावर जायाचं.’