झाकण कोणाकडे?

"काका, वाढदिवसाला फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा मिळणार आहे. नवा घेऊ की जुना?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून कॅमेऱ्याच्या दुकानात रांगेतल्या अनोळखी काकांना मी विचारलंच! उत्तर काकूंनी दिलं.

"यांना कसलं विचारतेस? लेकीच्या लग्नात अख्खा रोल झाकण न काढता संपवला!"

"अगं, बघायची खिडकी वेगळी असते. भिंगावरचं झाकण दिसतच नाही! म्हणून तर नवा घेतोय."

"नव्यात दिसतं?"

"...नाही."

"मग?"

"नव्याला वॉरंटी असते."

"विसरण्याची?"

"तसं हात जुन्यावरच बसलाय म्हणा."

"मग तोच वापरा. तुमच्यापेक्षा ठणठणीत आहे. नातीच्या वाढदिवसाला झाकण माझ्या पर्समध्ये राहील."

घरी पोचताच मी जाहीर केलं, "आई, बाबा, ठरलं! मी जुनाच घेणार. झाकण आई सांभाळेल."