तपासलेले दाणे

...नाही नाही, आधी ऐका, मग हसा. तुम्ही सगळे आत्ताच दात काढायला लागलात तर मला मधलं काही आठवायचं नाही, आणि मधलंच तर महत्त्वाचं आहे! काल रविवारी मी मिनोरीच्या घरी गेलो होतो, माइझुरुला, तिच्या बाबांना भेटायला, म्हणजे सरळ सांगायचं तर मुलगी मागायला, आणि हातात होता क्योतोतल्या त्या जुन्या दुकानातला दाण्यांचा डबा. तो डबा मी आगगाडीत बसून खाल्ला असं मिनोरी आता सगळीकडे सांगत सुटलीये. साफ खोटं आहे. मी खाल्ला नाही. तपासला. फरक आहे की नाही?

डबा काय होता, तुम्हाला सांगतो... दुमजली! वरच्या मजल्यावर पिठाचं रंगीत कवच चढवलेले शेंगदाणे, नऊ चवींचे, सगळे एकत्र, नुसते रंगच बघत बसावे. आणि तळमजल्यावर साखरेत मुरवलेले काळे सोयाबीन, एकेक असा टपोरा की हात लावायची भीती वाटावी. चाळीस मिनिटं रांगेत उभा होतो मी. आणि मुद्दाम क्योतोतनं घेतला, कारण भेटवस्तू ज्याच्या घरी जायचं त्याच्या गल्लीतून घ्यायची नसते हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. घेतलीच तर ती भेट नव्हे, 'अरे हो, तुमच्यासाठी काही आणायचं राहिलंच की' असं दारात उभं राहून ओरडणं आहे ते.

निघालो सकाळी नऊला. पोचायचं एकला. एक्स्प्रेस घेतली असती तर मधले दोन तास त्यांच्या गल्लीत चोरासारखा फिरत बसलो असतो, म्हणून पॅसेंजर घेतली. डबा मांडीवर, पाठ ताठ, ओठांवर पाठ केलेलं वाक्य: 'आपली संमती असेल तर मी आणि मिनोरी...' पुढचं प्रत्येक वेळी विसरत होतो. आणि सागा स्टेशन मागे पडतंय न पडतंय तोच मिनोरीचा मेसेज. काय लिहावं बाईनं? 'एक सांगायचं राहिलं. आईला कोळंबीचा वास अजिबात सहन होत नाही. घरात कोळंबी आली की ती बाहेर जाऊन बसते.'

मी डब्याची मागची चिठ्ठी वाचली. नऊ चवी. सातवी, कोळंबी.

आता तुम्हीच सांगा, काय करायचं? मी कागद उघडला. अगदी हळू हं, चिकटपट्टी नखानं सोडवून, घडी न मोडता. म्हटलं कोळंबीचे तेवढे वेचून बाजूला काढू, बाकीचे तसेच. सोपं काम! कोळंबी म्हणजे गुलाबी. आत बघतो तर गुलाबी तीन प्रकारचे. एक गुलाबी, एक जरा कमी गुलाबी आणि एक, काय सांगू, गुलाबी होऊ की नको अशा विचारात पडलेला. त्यात त्या मार्गावर बोगदे किती! गाडी बोगद्यात शिरली की नऊच्या नऊ चवी राखाडी. डोळ्यांनी कळणार कसं? जिभेनंच कळणार ना?

पहिला गुलाबी तोंडात टाकला. खारवलेला आलुबुखार. दुसरा टाकला, लाल मिरची. तिसरा... कोळंबी! सापडली! पण तोपर्यंत बोगदा आला आणि गेला, आणि डब्यातला कुठला गुलाबी आलुबुखाराचा नि कुठला कोळंबीचा याचा पुन्हा घोळ. मग एकेक करून बघणं आलं. बरं, कोळंबीनंतर तोंडाला तोच वास राहतो, पुढचा दाणा आलुबुखाराचा असला तरी कोळंबीचाच वाटतो, म्हणून मध्ये जीभ साफ करायला एक हिरवा, चहाचा. हिरव्यात पुन्हा दोन, एक चहाचा आणि एक वासाबीचा. वासाबी लागला की नाकातून धूर, मग त्यावर गोड काहीतरी. समोर बसलेल्या बाई आधी माझ्याकडे बघत होत्या, मग डब्याकडे, मग एकदम खिडकीबाहेर बघायला लागल्या. आपल्याकडे यापेक्षा मोठी कानउघाडणी असते का? पण त्यांना काय माहीत, मी खात नव्हतो हो. तपासत होतो.

आयाबेला गाडी बदलायची, बावीस मिनिटं फलाटावर. तिथं मनात आलं, वरच्या मजल्यावरचा एखादा गुलाबी घरंगळून तळमजल्यावर गेला असेल तर? मिनोरीच्या आईनं काळं सोयाबीन म्हणून तोंडात टाकलं आणि निघाली कोळंबी तर? लग्न मोडेल की नाही? म्हणून मग तळमजलाही... रीतसर... तपासला.

माइझुरुला उतरलो तेव्हा डब्यात अकरा दाणे होते. सगळे वासाबीचे.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. वाजले होते सव्वाबारा. आता मोकळ्या हातांनी जावं तर मुलगी मागायला आलेला माणूस हात हलवत आला. आणि इथंच काही घ्यावं तर आत्ताच सांगितलं तुम्हाला. विचार करत चालत राहिलो आणि एका वळणावर असा काही भाजणीचा वास आला... मिनोरीचं घर तिथून तीनशे पावलं. मोजलीत मी, नंतर. लाकडी दार, आत काचेच्या बरण्या, आणि मागे मोठ्या कढईत दाणे हलवत एक आजोबा. आजोबांचं नाव इवाने, वय असेल पंचाहत्तर, आणि चेहरा असा की गिऱ्हाईक आलं म्हणजे कामात खोळंबा झाला.

मी सगळं सांगून टाकलं. सगळं! कोळंबी, बोगदे, आयाबे. खोटं बोलायला वेळच नव्हता. आजोबांनी माझ्या डब्यातला एक वासाबी उचलला, चावला, म्हणाले, "भाजणी कच्ची आहे." मग विचारलं, कुणाकडे चाललायस? म्हटलं, कुराहाशींकडे, म्हणजे मिनोरीच्या बाबांकडे. कढईतला हात थांबला.

"शोझो कुराहाशी? वस्तीचा अध्यक्ष?"

म्हटलं, हो. मग मला जे ऐकावं लागलं ते थोडक्यात सांगतो. दर फेब्रुवारीत देवळात राक्षसाला दाणे मारून हाकलतात ना, तर त्यांच्या वस्तीत बावीस वर्षं राक्षस व्हायचे हे इवाने आजोबा. लाल मुखवटा, वाघाचं कातडं, सगळं. आणि फेकायचे दाणेही यांच्याच कढईतले. कुराहाशी आणि हे शाळेपासूनचे दोस्त, कुराहाशींचा नेम असा की दरवर्षी पहिला दाणा बरोबर यांच्या नाकावर. मग कुराहाशी अध्यक्ष झाले आणि त्यांनी ठरवलं, जमिनीवर पडलेले दाणे मुलं उचलून खातात, बरं दिसत नाही, यापुढे बाजारातली बंद पाकिटं फेकायची. झालं! आजोबा मला म्हणाले, "मला प्लास्टिक फेकून मारणार? राक्षस असलो म्हणून काय झालं, काही मान आहे की नाही?" मुखवटा काढून ठेवला तो ठेवलाच. त्यावर कुराहाशी कुठंतरी बोलून गेले की नाहीतरी इवाने दाणे करपवतोच. अठरा वर्षं झाली. एकमेकांशी बोलत नाहीत, आणि वस्तीला तेव्हापासून धड राक्षस मिळत नाही.

मी म्हटलं, आजोबा, मग मी निघतो. ते म्हणाले, "डबा दे इकडे."

आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसानं माझे अकरा वासाबी काढून बाजूला ठेवले, तळमजल्यात स्वतःचे काळे सोयाबीन लावले, एकेक, देठाची बाजू खाली. वरच्या मजल्यात मिसोचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट चवीचे घातले, समुद्री शेवाळाचे घातले, आणि आल्याचे इतके घातले, इतके घातले, की मी म्हटलं जरा कमी चालतील. तर म्हणाले, "शोझोला आल्याचे लागतात." मग क्योतोचाच कागद, क्योतोचीच घडी, पण क्योतोच्या दुकानातल्या पोरीनं बांधला होता त्यापेक्षा देखणा डबा बांधून दिला आणि म्हणाले, "माझं नाव काढलंस तर जावई होशील पण जेवायला मिळायचं नाही."

एकला पाच कमी असताना मी कुराहाशींच्या दारात. मिनोरीनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, "तोंडाला काय लागलंय?" हिरवं लागलं होतं. चहाचं. हातानं पुसलं.

आत बाबा. बाबा म्हणजे कसे, तर बसलेले. बस. बोलत नाहीत, हलत नाहीत, तुम्ही आलात याची नोंद फक्त भुवईत होते. मी डबा पुढे केला, काही विशेष नाही, क्योतोतला आहे, वगैरे. मिनोरीच्या आईनं चहा आणला आणि बरोबर तोच डबा उघडून बशीत घालून, 'तुमचंच तुमच्यापुढे ठेवते हं' म्हणत माझ्यासमोर. माझ्या कोटाजवळून जाताना किंचित थांबल्या. नाक असं केलं. म्हणाल्या, "छान वास येतोय कोटाला. भाजणीचा." मी म्हटलं, क्योतो... तिथं फार भाजतात.

बाबांनी एक दाणा उचलला. आल्याचा! कुडूम. मी माझं वाक्य आठवायला लागलो. दुसरा उचलला. कुडूम. तोही आल्याचा. वेचून आल्याचेच उचलत होते! मला वाटलं आता विचारणार, कुठून आणलास. पाचव्या दाण्यानंतर म्हणाले, "असे दाणे मी अठरा वर्षांत खाल्ले नाहीत."

मिनोरीच्या आई चहाकडे बघत होत्या. फक्त चहाकडे.

"आमच्याकडेही एक आहे भाजणारा," बाबा म्हणाले. "करपवतो. क्योतो ते क्योतो."

मी मान हलवली. आणि म्हटलं आत्ता नाही तर कधीच नाही, सरळ बसलो, हात गुडघ्यांवर, 'आपली संमती असेल तर मी आणि मिनोरी...' आणि पुन्हा पुढचं विसरलो! पाठ केलेलं वाक्य, तीनदा गाडीत म्हटलेलं, ऐन वेळी पेंड खायला गेलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तीन फेब्रुवारीला काय करतोयस? म्हटलं, काही नाही. तर म्हणाले, "मग राक्षस हो. यंदा कुणी मिळत नाहीये. जावयानं करायचं असतं."

जावई! म्हणाले ना? तुम्ही ऐकलंत ना? मिनोरी रडायला लागली, मी वाकून नमस्कार करायला लागलो, कपाळ चटईला टेकलं तसंच ठेवलं, आणि तसाच असताना वरून आवाज आला, "आणि यंदापासून पाकिटं बंद. तुझ्या त्या क्योतोच्या दुकानाला सांग, वीस किलो भाजलेले सोयाबीन. सुटे. ही भाजणी जमिनीवर पडली तरी पोरांनी खावी अशी आहे."

वीस किलो! क्योतोचे! जे क्योतोत नाहीत, जे त्यांच्या दारापासून तीनशे पावलांवर आहेत! आता खरं सांगावं तर 'जावई' मागे घेतील, हा माणूस पाकिटांवरून अठरा वर्षं बोलला नाही, फसवणुकीवरून किती बोलणार नाही? आणि न सांगावं तर मी वीस किलो आणू कुठून? निघताना मिनोरीच्या आई दारापर्यंत आल्या, चपला सरळ करून दिल्या आणि हळूच म्हणाल्या, "मलाही थोडे आणा पुढच्या वेळी. क्योतोहून." आणि 'क्योतोहून' म्हणायच्या आधी एवढा वेळ थांबल्या, एवढा वेळ थांबल्या, की तेवढ्यात माणूस क्योतोला जाऊन येईल.

तसाच गेलो इवाने आजोबांकडे. मागच्या गल्लीनं, वाकून. सांगितलं सगळं. कढई हलवता हलवता त्यांनी विचारलं, आल्याचे किती खाल्ले त्यानं? म्हटलं, मी मोजले तेवढे चौदा. चेहरा तोच, पण कढईचा आवाज बदलला. मग म्हणाले, वीस किलो देतो, पोती साधी वापरू, तू स्टेशनवरून आल्यासारखा घेऊन ये. पण एक अट.

"राक्षस मी होणार. मुखवट्याआड कुणाला कळतंय? त्याला वाटू दे जावयाला मारतोय."

मी म्हटलं, आजोबा, तुमचं वय, गुडघे, देवळाच्या पायऱ्या... तर म्हणाले, "नाकावर मारतो अजून, की नेम गेला त्याचा, तेवढं बघायचंय."

आता यावर नाही म्हणून दाखवा! मला नाही जमलं. म्हणजे तीन तारखेला कुराहाशी बाबा इवानेंकडून कधीही घेणार नाहीत असे इवानेंचेच दाणे, इवानेंच्याच नाकावर मारणार, माझं नाव घेऊन, आणि सगळी वस्ती बघणार. आणि मी कुठे असणार? लोकांच्या लेखी मी तर मुखवट्यात असणार ना! म्हणजे बाहेर कुठं दिसायचंच नाही. मिनोरीला सांगितलं तर ती म्हणाली, निस्तर तुझं तू, आणि दाण्यांना हात लावू नकोस. आजोबांनी सोय केलीये, दुकानाचं दार आतून लावून अर्धा तास गप्प बसायचं. एकटं. बरण्यांमध्ये.

आणि वर काम सांगून ठेवलंय. तेवढ्या वेळात मिनोरीच्या आईसाठी एक पुडी बांधून ठेव म्हणाले, सगळ्या बरण्यांमधले थोडे थोडे, फक्त गुलाबी दाण्यांच्या दोन बरण्या आहेत, त्यातल्या एकीत कोळंबीचे आहेत, कुठलीत ते आता आठवत नाही, चिठ्ठी गळून पडलीये, तू बघून घे.

बघून घे म्हणे! बंद दुकानात, दिवा न लावता! आता सांगा ना... तुम्ही काय केलं असतं?