मशीन बंद होती त्या पाच दिवसांबद्दल

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे विश्वस्त आदरणीय अश्विनजी, फिजिओथेरपी विभागाचे प्रमुख गौरांग सर, व्यासपीठावर विराजमान डॉक्टर मंडळी, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत त्या सत्कारमूर्ती जया वासनिक मॅडम, वॉर्डातल्या सर्व सिस्टर, मावश्या, आणि समोर बसलेले माझ्यासारखेच पेशंटचे नातेवाईक,

मी रुपराव भोयर. कळमेश्वरच्या एमआयडीसीत कॉम्प्रेसर फिटर आहे. माझ्या आधी बोललेल्या मान्यवरांनी मॅडमच्या एकतीस वर्षांच्या सेवेचा गौरव केला, तो ऐकून माझे शब्द तसेही कमी झाले आहेत. मला पाच मिनिटं दिली आहेत. दोन मिनिटं वर गेली तर अध्यक्षांनी घंटी वाजवू नये, एवढी विनंती.

आपल्यापैकी पुष्कळ जण मला मशीन दुरुस्त करणारा माणूस म्हणून ओळखतात. रविवारी येतो, छातीच्या जाकिटाच्या नळ्या तपासतो, मोटर उघडतो, जातो. पण या विभागात मी पहिल्यांदा आलो तो बाप म्हणून. माझी मुलगी दामिनी. तिची आई माया तिसऱ्या रांगेत बसली आहे.

दामिनीला फुप्फुसाचा जन्मापासूनचा आजार होता. आपल्या छातीतला कफ पातळ असतो, खोकलं की सुटतो. तिचा गोंदासारखा चिकटून बसायचा. सात वर्षांची असताना आम्ही तिला इथे आणलं, तेव्हा मॅडमनी मायाला आणि मला शेजारी उभं करून शिकवलं, तळवा पोकळ ठेवायचा आणि पाठीवर थापायचं. खालच्या बाजूनं सुरू करायचं, कण्यावर मारायचं नाही. माझा हात लोखंडात काम करणारा. पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "रुपरावभाऊ, बोल्ट नाही काढायचा आहे, लेकरू आहे." दामिनी पालथी पडल्यापडल्या हसली होती.

पुढे हातात धरायचं कंपनाचं यंत्र आलं आणि काही वर्षांनी एका दात्याच्या कृपेनं ते जाकीट आलं. नव्या मंडळींसाठी सांगतो. दिसायला साधं जाकीट. त्याला दोन नळ्या, नळ्या एका पेटीला. पेटी सेकंदाला दहा-बारा वेळा हवा आत ढकलते आणि सोडते. छाती थरथरते, आत चिकटलेला कफ सुटतो, मग पेशंट खोकून तो बाहेर टाकतो. मी जन्मभर हवेच्या दाबाचं काम केलं, पण त्या दाबानं कुणाला श्वास मिळतो हे मी इथे पाहिलं.

जाकीट चालू असताना दामिनी मुद्दाम पाढे म्हणायची. आवाज थरथरत, तुकड्यातुकड्यानं बाहेर यायचा. सतरा सक्कं म्हणेपर्यंत वॉर्डातली सगळी लहान मुलं खिदळायला लागायची, आणि मॅडम घड्याळाकडे पाहून खोटं रागवायच्या. आधी हातानं, मग यंत्रानं, मग जाकिटानं, मिळून बारा वर्षं असं चाललं. बारावी झाली, कॉलेज सुरू झालं. सीताबर्डीला जाऊन स्वतःसाठी पिवळी ओढणी घेऊन आली, दुकानात भाव करताना दम लागला तर दुकानदारानं खुर्ची दिली आणि भावही कमी केला, हे आम्हाला मोठ्या फुशारकीनं सांगितलं तिनं.

तीन वर्षांपूर्वी, एकोणिसाव्या वर्षी, ती शेवटची भरती झाली.

मी ड्युटी करून रोज संध्याकाळी यायचो. आल्याबरोबर माझा एकच प्रश्न असायचा, आज मशीन किती वेळ चालली? कफ किती निघाला? बापाला मोजण्यासारखं काहीतरी लागतं ना? एका संध्याकाळी आलो तर जाकीट खुंटीला टांगलेलं. दुसऱ्या दिवशीही टांगलेलं. मी मॅडमना व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं, "मॅडम, मशीन काहून बंद आहे?"

त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी थांबवायले सांगितली आहे भाऊ. कारण तुम्ही दामिनीलेच विचारा."

पाच दिवस जाकीट खुंटीवर होतं. सहाव्या दिवशी सकाळी दामिनी गेली.

तेराव्यानंतर मी या रुग्णालयाच्या कार्यालयात एक अर्ज दिला. दीड पान होता. त्यात मी लिहिलं की जया वासनिक यांनी पाच दिवस उपचार बंद ठेवले, विचारलं तरी कारण सांगितलं नाही, आणि त्यामुळे माझी मुलगी गेली. चौकशी बसली. मॅडमनी 'जाकीट थांबवा' एवढीच डॉक्टरांची लेखी सूचना दाखवली, तेव्हा उपचाराबाबत त्यांचा दोष निघाला नाही. पण नातेवाइकांना नीट माहिती दिली नाही, असा शेरा त्यांच्या फाइलीत गेला. त्याच वर्षी विभागप्रमुखाची जागा भरायची होती. अनुभवानं ती त्यांची होती. शेरा होता म्हणून ती त्यांना मिळाली नाही. गौरांग सर, आपण बाहेरून आलात, आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, आणि आपण मॅडमना नेहमी मानानं वागवलं, हे मी पाहिलं आहे. आपला यात काही दोष नाही. दोष कुणाचा, ते सांगायलाच मी उभा आहे.

वर्षभरानं घरचं छोटं कंपनयंत्र विभागाला देऊन टाकावं म्हणून मी इथे आलो. मॅडम असतील तर त्यांच्या हातात द्यायचं नाही, असं ठरवून आलो होतो. त्या नव्हत्या. विभागात साफसफाई करणाऱ्या कांताबाई होत्या. यंत्र टेबलावर ठेवून मी जाताजाता काहीतरी कडू बोललो. कांताबाईंनी पोछा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या पोरीले कफातून रक्त पडून राहिलं होतं. बेसिन मी धुतलं आहे. रक्त असलं तर ते जाकीट लावत नाहीत, लावलं तर अजून वाहते. पोरगीच म्हणे, बाबाले सांगू नका, ते कामावर मशीनीत हात घालतात, त्यांचं ध्यान जाईन."

मॅडमच्या घरचा पत्ता मी कांताबाईंकडूनच घेतला.

दुसऱ्या दिवशी मनीषनगरला मॅडमच्या घरी गेलो. त्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. मी विचारलं, तुम्ही चौकशीत हे का नाही सांगितलं? त्या म्हणाल्या की दामिनी सज्ञान होती, तिनं विचार करून शब्द घेतला होता. तिला त्यांनी स्पष्ट बजावलं होतं की मी तुझ्या बाबांशी खोटं बोलणार नाही, त्यांनी विचारलं तर तुझ्याकडेच पाठवीन. आणि तसंच त्यांनी केलं होतं. चौकशीत हे सांगितलं असतं तर तो कागद मला आणि मायाला वाचायला मिळाला असता. लेक आपल्यापासून लपवत होती, हे आईबापाला सरकारी भाषेत कळू नये, असं त्यांना वाटलं.

आता जे मी कुणाजवळ बोललो नाही ते बोलतो. माया, तूही ऐक.

मॅडमनी मला कारण सांगितलं नाही, असं मी अर्जात लिहिलं. ते अर्धवट होतं, म्हणून खोटं होतं. दामिनीला विचारा, हे त्यांनी मला सांगितलं होतं. तो शब्द मी ऐकला होता आणि अर्ज लिहिताना तो मला आठवतही होता. मी गाळला. कारण तो लिहिला असता तर पुढचा प्रश्न आला असता, मग तुम्ही विचारलं का? मी विचारलं नाही. पाच संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसलो, संत्री सोलून दिली, कॉलेजचं विचारलं, घरच्या मांजराचं सांगितलं. ती दोनदा म्हणाली, "बाबा, काही विचाराचं आहे का तुमाले?" मी म्हटलं, "नाही वं माय, झोप तू."

काय असेल याचा अंदाज मला नव्हता असं नाही. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ती सांगायला तयार होती, मी ऐकायला तयार नव्हतो. आणि त्याचा राग मी एका बाईच्या फाइलीत नेऊन ठेवला.

त्या दिवशी घरी मी मॅडमना म्हटलं, अर्ज परत घेतो. त्या म्हणाल्या, जागा भरून झाली आहे, आता त्याचा कुणाला उपयोग? मी उठेना, तेव्हा म्हणाल्या, "जाकिटाची मोटर आवाज करून राहिली आहे. तुमच्या कामातली गोष्ट आहे, रविवारी पाहून द्यान?" तेव्हापासून मी रविवारी येतो. आज सहा मुलं त्या जाकिटावर आहेत. चालू करताना मला अजूनही तोंड दुसरीकडे फिरवावं लागतं.

आदरणीय अध्यक्ष महोदय, हा एक कागद मी सोबत आणला आहे. माझ्या त्या अर्जातलं कोणतं वाक्य खोटं होतं ते यात लिहून खाली सही केली आहे. मॅडम आज निवृत्त होत आहेत, त्यांना यातून काही मिळणार नाही, हे मला समजतं. तरीही फाइल बंद होण्याआधी हा कागद त्या शेऱ्याच्या वर लागावा, अशी माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, आपण सर्वांनी शांतपणे ऐकलं, कांताबाई त्या दिवशी गप्प राहिल्या नाहीत, सर्वांचा मी आभारी आहे. मी बोलणारा माणूस नाही. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर सभागृहानं सांभाळून घ्यावं. बोलण्याबाहेर जे माझ्या हातून झालं, त्याची माफी मी मॅडमकडे वेगळी मागितली आहे. त्यांनी काय उत्तर दिलं, ते मात्र आपण मला विचारू नये. ते माझ्याजवळ राहू द्या.

नमस्कार.