गुडघ्यानं बोलते माझी प्रज्ञा

मी कल्याणजवळच्या मोहन्यातच जन्मले आणि लग्न होऊन मोहन्यातच राहिले, माहेर आणि सासर यांच्यात एक बुद्धविहार आणि एक पिठाची गिरणी, एवढंच काय ते अंतर. वडील कंपनीत, भोंगा झाला की आमचं घर उठायचं. नवरा केला तो पण कंपनीवालाच, डोंबिवलीच्या एमआयडीसीत फिटर, मी त्यांना हे म्हणते, नाव घेत नाही, आता तुमच्यासमोर तरी कशाला घेऊ. पहिली मुलगी झाली. बाळंतपण अडलेलं, बाळ निळं पडलेलं, रडलंच नाही. डॉक्टर बोलले, मेंदूला प्राणवायू कमी पडलाय, ही चालणार नाही, बोलणार नाही, समज किती येईल ते सांगता येत नाही. ह्यांनी नाव आधीच ठरवून ठेवलेलं, प्रज्ञा. लोक बोलले, अहो आता तरी बदला, प्रज्ञा म्हणजे बुद्धी, पोरीची थट्टा होईल. हे बोलले, ठेवलं ते ठेवलं.

मग काय, माझं आयुष्य म्हणजे ती. भरवायचं, धुवायचं, कूस बदलायची, तोंडातली लाळ पुसायची. दुसरं मूल आम्ही होऊच दिलं नाही. आणि दिवसभर मी तिच्याशी बोलायची, पण कशी, तर बाई भांडी घासताना नळाशी बोलते ना, तशी. सासूचं गाऱ्हाणं, शेजारणीचं भांडण, माझं दुखणं-खुपणं, सगळं तिला. ती कुठं जाऊन सांगणार होती? आणि बोलायची ती पण मोठ्यानं, सगळेच तिच्याशी मोठ्यानं बोलायचे, जशी काय बहिरीच आहे.

आमची खोली चाळीच्या टोकाला, जरा मोठी. म्हणून माझ्या नणंदेची मुलगी दीक्षा संध्याकाळी तिथंच शिकवणी घ्यायची, पहिली-दुसरीची पोरं. क, का, कि, की, सगळी एका सुरात ओरडायची आणि प्रज्ञा कोपऱ्यात गादीवर पडलेली असायची, भिंतीवरच्या तक्त्याकडे मान करून. मला वाटायचं, पोरांच्या गलक्यात तिचा वेळ जातोय, बरंय.

कल्याणला अपंगांचं शिबिर होतं, फुकट चाकांची खुर्ची मिळते म्हणून आम्ही गेलेलो. तिथं ठाण्याची एक मॅडम होती, माजिवड्याला त्यांचं सेंटर आहे. तरुण पोरगी, पण डोळे असे की सुई सांडली तर शोधून काढेल. ती प्रज्ञाकडे बघत राहिली आणि मला बोलली, काकू, हिचा उजवा गुडघा बघितलात का, हे झटके नाहीत, ही मुद्दाम हलवते. मी बोलले, हलवते हो, लहानपणापासून हलवते. ती बोलली, मग एवढं पुरे आहे, माजिवड्याला घेऊन या.

एवढं पुरे आहे! काय पुरे आहे, मला कळेना. पण हे बोलले, जाऊन तर बघू. रिक्षा करून नेलं. मॅडमनी एक लाल बटण आणलं, बशीएवढं, आणि खुर्चीला गुडघ्याच्या बाजूला बांधलं. समोर कॉम्प्युटर. त्याच्यावर ओळी, चित्रांच्या नाहीतर अक्षरांच्या, एक-एक ओळ उजळत जाते, हवी ती ओळ आली की गुडघ्यानं बटण दाबायचं, मग त्या ओळीतलं एक-एक चित्र नाहीतर अक्षर उजळतं, परत दाबायचं. मधे कोणी तिला हात लावायचा नाही, हा मॅडमचा नियम. पहिले काही महिने नुसती चित्रं, पाणी, भूक, पंखा. ती बरोबर दाबायची, आम्ही खूश, वाटलं एवढंच असेल.

एक दिवस मॅडमनी चित्रं काढून अक्षरं लावली. मी खुर्चीच्या बाजूला उभी, नेहमीसारखी ओरडतेय, दाब प्रज्ञू, दाब, दाब. आणि तो कॉम्प्युटर, त्याला आवाज आहे बाईचा, सपाट, रेल्वेच्या घोषणेसारखा, तो बोलला, आई हळू बोल.

काय सांगू तुम्हाला. मी मॅडमकडे बघितलं, मला वाटलं हिनंच काहीतरी केलं, पण ती दाराजवळ उभी, हात तोंडावर ठेवून. सतरा वर्षांची पोरगी माझी, आणि पहिलं वाक्य काय, तर आई हळू बोल. तिला कोणी वाचायला शिकवलं? दीक्षाला विचारलं तर तीच रडायला लागली, बोलली, मामी, मी तर तिच्याकडे कधी बघितलं पण नाही गं.

मग जुना लॅपटॉप मॅडमनीच मिळवून दिला. बटण मात्र सेंटरचं, घरी देता येत नव्हतं, तर ह्यांनी दाराच्या बेलचं बटण घेतलं, वर डब्याचं झाकण बसवलं, वायर मॅडमना दाखवून जोडली. चाललं.

आणि त्या आठवड्यातली रविवारची गोष्ट. मी ओट्याशी बोंबील तळतेय, हे तिच्याजवळ बसलेले. तिचं टकटक चाललेलं, एका वाक्याला तिला खूप वेळ लागतो. मी लक्ष देत नव्हते. आणि तो आवाज बोलला, बाबा, आईच्या छातीत गाठ आहे.

झारा माझ्या हातातून पडला. कारण खरं होतं ते. बरेच महिने होती गाठ. मी कोणालाच बोललेले नाही, एक हिलाच बोललेले, अंघोळीनंतर केस विंचरताना, की प्रज्ञू, इथं काहीतरी कडक लागतंय गं, पण मी दवाखान्यात पडले तर तुला उचलणार कोण. नळाशी बोलावं तशी बोललेले.

हे बोलले, संगे, काय बोलतेय ही? मी बोलले, मशीन बिघडलंय. परत टकटक. बोंबील जळायला लागले तरी गॅस बंद करायचं सुचेना. आवाज आला, बिघडलं नाही. आणि मग परत बराच वेळ गेला, मग आला, ती घाबरते, तिला ने.

मला राग आला, काय खोटं बोलू. घरातलं एकच माणूस होतं जिथं माझं सगळं सुरक्षित होतं, ते पण फुटलं! आणि दुसऱ्या घटकेला मी तिच्या पायाशी बसून हमसून रडत होते. ती माझ्याकडे बघत होती, मान वाकडी, लाळ गळतेय, आणि डोळे स्थिर. एवढी वर्षं ते डोळे माझ्यासमोर होते हो.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी नेलं. कॅन्सरच निघाला. डॉक्टर बोलले, अजून थांबला असतात तर हाताबाहेर गेलं असतं. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले. प्रज्ञाला दीक्षानं सांभाळलं, भरवण्यापासून सगळं. मी टक्कल घेऊन घरी आले तर मला वाटलं पोरगी घाबरेल. ती हसली, आवाज करून, आणि मग टाइप केलं, बाबांसारखी दिसतेस. ह्यांना टक्कल आहे ना.

आता केस आलेत परत, बघा, आधीपेक्षा कुरळे. तपासणी दर काही महिन्यांनी असते, पुढचं पुढं. घरात आता कोणाची चहाडी करायची सोय नाही, ती मधेच टकटक करते, असं नाही झालेलं आई. दहावीला बाहेरून बसायचं बोलते, मॅडम बघतायत कसं बसवतील.

आणि परवा काय झालं सांगू? मी तिच्या मागे उभी होते, सवयच आहे मला, तर आवाज आला, आई बाहेर बस, दार लाव. मी बोलले, का गं? तर बोलली, माझं लिहायचंय, आणि आवाज बंद करून जा. तिला एकटं मी कधी सोडलंच नाही. पण आवाज केला बंद, आणि पायरीवर येऊन बसले. आतून नुसतं गुडघ्याचं टकटक. काय लिहितेय, कोणाला लिहितेय, मला माहीत नाही. माहीत करून घ्यायचं पण नाही. तिचं तिला लाभो.