भरती सुरू, पुढे जाऊ नये

होडीच्या तिकीट-खिडकीसमोर एक बाई आणि तिच्या मुलीशी लग्न करू पाहणारा तरुण, दोघं कमरेपर्यंत ओलेचिंब उभे होते. पंख्याच्या घरघरीत त्यांचं नीट ऐकू येईना, म्हणून तिकीटवालीने पंखाच बंद केला.

"काकू, पाटीवर तेवढंच होतं. 'भरती सुरू. पुढे जाऊ नये.'"

"मग गेलास कशाला?"

"मला वाटलं, नोकरभरती."

"नदीच्या मुखाशी? खेकड्यांच्या ऑफिसात?"

"दोन वर्षं बेकार आहे, काकू. दुसरा अर्थ सुचतच नाही. 'जाऊ नये' म्हणजे वशिल्याचे आधीच घेतले असतील, म्हटलं."

"आणि मी मागून बोंबलत होते, ते?"

"धीर देताय असं वाटलं."

तिकीटवालीने खडू घेतला, हात बाहेर काढला आणि पाटीवर 'भरती'च्या आधी गुपचूप 'समुद्राची' लिहिलं.

"लेक म्हणाली, खाडीकाठानं फिरून ये त्याच्याबरोबर. देखावा छान आहे, माणूसही कळेल. कळला! अकलेच्या नावानं ओहोटी."

"म्हणजे लग्नाला नाहीच?"

"पाणी चढल्यावर मला पाठुंगळी कुणी घेतलं?"

"मीच. पण दोनदा पाडलं."

"तिच्या बाबांनी जन्मात माझी पिशवी उचलली नाही."

"किती तिकिटं?" तिकीटवालीने विचारलं. "एका घरातले असाल तर सवलत आहे."

"एकाच घरातले. सासू आणि जावई."

"काकू!"

"हुरळू नकोस. भरती झाली तुझी, पगार नाही. माझ्या चपला कुठायत?"

"त्या... पुढे गेल्या."