खांद्याला लागलेला पाय

टोकियोतल्या निशी-कसाई भागातल्या दवाखान्यात नंबराची वाट बघताना तेजश्रीच्या कानावर शेजारून मराठी आलं. गुडघ्याला पट्टा बांधलेला एक उंच माणूस आपल्या मावशीशी बोलत होता.

“मेलबर्नला एवढी वर्षं खेळलास, अनुप. मोठ्या संघात का नाही रे घेतलं?”

“तुझ्यामुळे, मावशी.”

“माझ्यामुळे?”

“आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये दुसऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन चेंडू झेलतात. वर गेलं की सगळं संथ होतं बघ. आरडाओरडा विरून जातो, चेंडू ढगासारखा तरंगत येतो.”

“मग?”

“झेल सुटला की लगेच चेंडूमागे धावायचं असतं. मी आधी त्या माणसाला हात लावून नमस्कार करायचो. पाय लागला ना! तूच शिकवलंस.”

“अगं बाई! आता कोच झालास, इथली मुलं तरी धड खेळतात का?”

“ती तर चढायच्या आधीच सुमिमासेन म्हणून माफी मागतात.”

“ओरडत नाहीस?”

“ओरडतो की. पण सरावात शिट्टी जरा उशिराच वाजवतो, त्यांची माफी मागून होऊ देतो.”

नर्सने त्याचं नाव पुकारलं. कुबडी सावरत उठताना त्याचा पाय तेजश्रीच्या पायाला लागला. तो तिथेच वाकला. त्याचा हात तिच्या गुडघ्याला लागून त्याच्या छातीवर गेला.

“असू दे,” तेजश्री म्हणाली.

“अरे, चल लवकर!” मावशी म्हणाली. “नंबर जाईल तुझा.”